दोनदा वाढून घेतलेली भाजी

सुलूनं पहिलाच घास तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला, तेव्हा सुगंधा तिच्यावर ओरडली होती. पुढं चार लोकांनी समजूत घातली, डॉक्टरांनीही घातली, तरी ते आपलं ओरडणं तिच्या कानातून कधी गेलं नाही.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. सुगंधा आणि रामकिसन मूळचे जिंतूरकडचे. गावच्या एका ओळखीच्या माणसाचा हात धरून रामकिसन बोईसरला आला आणि औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या एका कारखान्यात बॉयलरवर मदतनीस म्हणून लागला. जवळच्या पाम गावात घरमालक चिंतूकाकांच्या घरामागची खोली आणि तिची पडवी एवढं त्यांचं बिऱ्हाड. त्यांची लेक सुलू इथलीच, पामच्या पोरांत वाढलेली. सासूबाई रंभाबाई वर्षातले सहा महिने गावी आणि सहा महिने इथं असत.

रामकिसन जिभेचा मोठा चोखंदळ होता. भाकरीचा पहिला तुकडा मोडला की ज्वारी नवी का जुनी, ते सांगायचा. मीठ जरा इकडचं तिकडं झालं तर बोलायचा नाही, ताटावरून उठायचाही नाही. घास हातात धरून नुसता बसून राहायचा. त्या बसण्याला सुगंधा भ्यायची. बोलला असता तर बरं, असं तिला वाटायचं.

त्या वर्षी मात्र हे सगळं पालटलं. रामकिसननं बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसायचं ठरवलं होतं. परीक्षा तोंडी, मुंबईला; साहेब समोर बसून विचारणार आणि उत्तर तिथल्या तिथं द्यायचं. पुस्तक इंग्रजीत आणि हा सातवी शिकलेला. त्याच्या पाळीतला अटेंडंट प्रताप, पालघरचा, मोठ्या मनाचा माणूस. तो जेवणाच्या सुट्टीत एकेक प्रश्न मराठीत फोडून सांगायचा आणि रामकिसन तो डोक्यात भरून घरी आणायचा. हातात ना वही, ना पुस्तक. त्यामुळं हा माणूस अभ्यास करतोय हे घरात कुणाला दिसायचंच नाही. सायकल पुसताना, आंघोळीच्या पाण्याची वाट बघत चुलीपुढं बसल्यावर, जेवताना, त्याच्या आत ते चालू असायचं. बॉयलरचा कुठला कॉक, म्हणजे तोटी, आधी बंद करायचा, कुठला मग, कुठला उघडायचा. एक चुकला की पहिल्यापासून.

घरातल्यांना दिसायचं ते एवढंच, की माणूस निवळलाय. एकदा चहात साखर घालायची राहिली, तर तो कप रिकामा करून कामावर गेला. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं. सुगंधा जीव मुठीत धरून बसली होती, पण त्यानं भुरका मारून वाटी खाली ठेवली. सुगंधाला वाटलं, आपला हात आता बसला. रंभाबाई म्हणाल्या, कामाचा भार पडला की बाप्याची जीभ गुमान होते, त्याचा बाप बी तसाच होता. दोघींनाही ते बरंच वाटलं. नवरा ताटाला नावं ठेवत नाही, याहून बाईला आणखी काय पाहिजे.

त्या दिवशी संकष्टी होती. सकाळी किनाऱ्यावरच्या घिवलीची जमना नेहमीसारखी टोपली घेऊन पडवीपुढं उतरली. जमना कोळीण, वयानं सुगंधाहून मोठी. चार वर्षं तिच्याच टोपलीतली मासळी या घरात यायची. आज उपास आहे, मासळी नको, असं सुगंधानं सांगितलं. तेव्हा जमनेनं टोपलीतल्या फडक्याखालून एक दुधी काढला. फिकट हिरवा, कोवळा, अंगावर बारीक लव असलेला.

"घे बाय, आमचे वेलाचा पयला हाय," ती म्हणाली. "आमचे घरात कोन खातो दुदी? समदी मासलीची."

सुगंधानं तो हौसेनं घेतला. दुधी चिरताना देठाकडची चकती चाखून बघायची, हे तिला आईनं शिकवलेलं होतं. पण चतुर्थीचा कडक उपास, चंद्र उगवेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. रंभाबाईंचाही उपास. तिनं दुधी चिरला, चण्याची डाळ घातली, लसणाची फोडणी दिली, आणि कढईवर झाकण ठेवलं. वास चांगला सुटला होता.

रामकिसनला दुपारची पाळी होती. तो लवकरच जेवायला बसला आणि सकाळच्या शाळेतून आलेली सुलू त्याच्या शेजारी बसली. तिनं पहिला घास घेतला आणि तो तसाच बाहेर आला.

"आई, कडू हाय."

पामच्या पोरांत राहून सुलूच्या तोंडात तिकडची बोली बसली होती. सुगंधा ओरडली. दुधी कधी कडू असतो का, कारलं आहे का ते, असं म्हणाली. सुलूची भाजी न खायची खोड जुनी होती. तिला मेथी कडू लागायची, शेपू कडू लागायचा, पालकसुद्धा कडू लागायचा. पोर मान हलवत राहिली.

बाजेवर बसलेल्या रंभाबाई म्हणाल्या, "बापाकडं बघ की. कसा गुमान खायलाय. त्याला नाही ते लागलं कडू?"

सुगंधानं नवऱ्याकडं पाहिलं. त्याची नजर समोरच्या भिंतीवर होती. भाकरीचा तुकडा मोडायचा, भाजीला लावायचा, तोंडात टाकायचा, सगळं संथ चाललं होतं.

"अहो, भाजी कडू आहे का?"

"हं," तो म्हणाला. "चांगली झालीय." आणि त्यानं ताट पुढं केलं.

तिनं आणखी वाढली. मग ती सुलूकडं वळली. बाप दुसऱ्यांदा घेतोय आणि तू नखरे करतेस, असं म्हणून तिनं पोरीला मांडीवर ओढलं, भाकरीत भाजी दाबली आणि स्वतःच्या हातानं घास भरवले. सुलू रडत होती आणि रडता रडता गिळत होती. रामकिसननं दोनदा पाणी मागितलं. मिरची तिखट असेल, असं समजून सुगंधानं तांब्याच त्याच्याजवळ सरकवला. तो हात धुऊन उठला, सुलूच्या डोक्यावरून हात फिरवला, ती का रडतेय ते विचारलं नाही, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

सुगंधा भांडी घासायला बसली तोच पडवीतून सुलूच्या ओकारीचा आवाज आला. आधी तिला वाटलं, पोरीनं रागानं घशात बोट घातलं. पण एक ओकारी झाली, मग दुसरी, मग पोर पोट धरून जमिनीवर आडवी झाली आणि तिचे ओठ पांढरे पडले. सुगंधानं तिला उचललं, तर तिचं अंग गार लागलं.

मग ती आत धावली आणि तिनं कढईतली भाजी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावली. उपासाची तिला शुद्ध राहिली नाही.

कडुनिंबाचा कडूपणा ओळखीचा असतो, कारल्याचा तर आवडीचा. हा तसला नव्हता. जिभेच्या मुळाशी डाग दिल्यासारखं झालं, घसा आवळला, डोळ्यांतून पाणी आलं. तिनं थुंकलं, चूळ भरली, परत भरली, पण तो जाईना. तिनं कढई रंभाबाईंपुढं धरली. त्यांनी बोट लावलं आणि तोंडाला पदर लावून त्या अंगणात धावल्या. मग त्या आत आल्या.

"दोनदा वाढून घेतली त्यांनी," सुगंधा म्हणाली.

रंभाबाई चिंतूकाकांना हाका मारत बाहेर धावल्या.

चिंतूकाका घरीच होते आणि त्यांचा टेम्पो दारात उभा होता. कढईतली भाजी पातेल्यात भरून बरोबर घे, डॉक्टर विचारतील, असं त्यांनी सांगितलं, म्हणून सुगंधाला ते तरी सुचलं. सुलूला कवटाळून ती पुढं बसली. आधी कारखान्यावर घ्या, असं काकांना म्हणाली. वाटेत तिच्या मनात एकच चाललं होतं, की त्यानंही तिथं पोचून थुंकलं असेल, त्यालाही उशिरा का होईना कळलं असेल. फाटकाशी टेम्पो थांबला तेव्हा प्रताप आणि वॉचमन रामकिसनला दोन्ही काखांतून धरून बाहेर आणत होते. त्याच्या शर्टावर रक्ताची ओकारी होती. हिला बघून त्यानं काही विचारलं नाही. नुसता बघत राहिला, अनोळखी माणसाकडं बघावं तसा.

पालघरच्या दवाखान्यात दोघांनाही शेजारी शेजारी खाटा मिळाल्या. सुलूच्या पोटातलं बहुतेक बाहेर पडलं होतं. सलाईन लावल्यावर संध्याकाळपर्यंत तिच्या ओठांना रंग आला. रामकिसनची नाडी लागेना. नर्स पळत होत्या, डॉक्टर दोन खाटांमध्ये उभ्या सुगंधाला बाजूला सारत होते. थोडी उसंत मिळाली तेव्हा त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं, बोटाचं टोक जिभेला लावलं आणि लगेच मोरीकडं गेले. बराच वेळ गुळण्या केल्या. आले तेव्हा म्हणाले की कडू दुधी विषारी असतो, त्यानं माणूस दगावतो, आणि म्हणूनच देवानं तो इतका कडू केलाय की कुणी दुसरा घास घेऊ नये. मग त्यांनी विचारलं, मुलीनं किती खाल्ला.

"मी भरवले तेवढे घास," सुगंधा म्हणाली.

"आणि यांनी?"

"दोनदा घेतली."

डॉक्टरांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, की घरात काही भांडण झालं होतं का, अलीकडं हे गप्प गप्प असायचे का. हे कशाला विचारतात ते तिला आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हा ती भिंतीला टेकली. गप्प तर तो असायचाच. कितीतरी दिवस गप्प होता. आणि ती मनातल्या मनात खूश होती.

दवाखान्यानं रीतीप्रमाणं चौकीवर कळवलं. दुसऱ्या दिवशी हवालदार आला आणि बाहेरच्या बाकावर बसून एकेकीला विचारू लागला. रंभाबाईंनी जे झालं ते सांगितलं. आमचा दोघींचा उपास होता. हिनं चव बघितली नाही. लेकरू कडू म्हणालं तरी हिनं बळंच भरवलं. जेवले ते दोघेच. सुगंधा दाराशी उभी राहून ऐकत होती. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. हवालदाराच्या जागी आपण असतो तर आपणही हिनंच विष घातलं असं समजलो असतो, असं तिच्या मनात आलं. तिनं भाजी केली, तिनं वाढली, तिनं चाखली नाही. आणि जो खाऊन सांगू शकला असता, तो "चांगली झालीय" म्हणाला होता.

तिच्या डोक्यात नको ते येऊ लागलं. त्याला कळलं होतं का? कळून खाल्लं का? कशाचा राग होता? ती मागचे महिने एकेक करून काढत बसली, साखर नसलेला चहा, खारट आमटी. तेव्हा ज्याला तिनं सुख म्हटलं होतं ते काय होतं, ते तिला कळेना.

बातमी घिवलीपर्यंत गेली होती. दुपारी जमना दवाखान्यात आली. टोपली नव्हती, पदराखाली झाकलेला दुसरा दुधी होता. ती खाटेजवळ गेली नाही, दाराशीच उभी राहिली. वेल कुणी लावलेला नव्हता, घरामागं कचऱ्यात आपोआप उगवला होता. पहिला दुधी चतुर्थीचा म्हणून तिनं इकडं दिला होता. बातमी ऐकल्यावर तिनं दुसरा कापून जिभेला लावला आणि तोंड धरून बसली. आता डॉक्टरांनीच बघावा म्हणून तो घेऊन आली होती. तो बघून हवालदाराचा सूर जरा नरमला. विष कुणी कालवलं नव्हतं, वेलातच होतं, एवढं उघड झालं.

पण रंभाबाईंचं समाधान होईना. लेकरानं एका घासात ओळखलं, मग माझ्या लेकाची जीभ कुणी बांधली, असं त्या म्हणू लागल्या. आमच्याकडं भानामतीनं असंच होतं. माणूस शेण खातो आणि गोड म्हणतो. असं म्हणून त्यांनी जमनेकडं बोट दाखवलं. हे सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

जमना शांतपणे म्हणाली, "आये, मी मासली इकते. करनी नाय इकत." आणि डोळे पुसून निघून गेली. सुगंधाला तिच्यामागं जायचं होतं, पण सुलूनं तिचा पदर धरला होता. पोरीनं पदर धरला होता खरा, पण आईच्या हातचं पाणीसुद्धा ती पीत नव्हती. नर्सनं दिलं तरच प्यायची.

रामकिसन धड बोलायला लागला तेव्हा हवालदार, डॉक्टर आणि दोघी बायका खाटेभोवती होत्या. हवालदारानं सरळ विचारलं की घरून निघताना काय खाल्लं होतं.

"जेवलो," रामकिसन म्हणाला.

"भाजी कशाची होती?"

तो विचारात पडला. भुवया आवळल्या, छताकडं पाहिलं, सुगंधाकडं पाहिलं, जसं शाळेतलं पोर शेजारच्याकडं बघतं.

"वांग्याची?"

सुगंधानं खाटेची कड धरली. तो काय सांगेल याची तिनं दोन दिवस नाना परीनं धास्ती घेतली होती. कडू होती पण खाल्ली, म्हणेल. तुझ्यावर रागावलो होतो, म्हणेल. जगायचं नव्हतं, म्हणेल. वांग्याची, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्यासमोर हातभर अंतरावर बसून, तिच्याशी बोलून, दोनदा ताट पुढं करून जेवलेला माणूस त्या जेवणात नव्हताच.

डॉक्टरांनी हवालदाराला थांबवलं आणि स्वतः विचारलं, की मग जेवताना काय आठवतं. ते मात्र रामकिसनला सगळं आठवत होतं. प्रतापनं आदल्या दिवशी विचारलं होतं, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या बॉयलरच्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर पहिलं काम काय. काच खरं सांगते का खोटं, ते आधी तपासायचं; त्यासाठी तीन कॉक, आणि त्यांचा क्रम. वाफेचा बंद, पाण्याचा उघडा, खालचा उघडा, मग उलट. त्याचा क्रम दर वेळी तिसऱ्या पायरीवर चुकत होता. भाकरी मोडताना तो परत पहिल्यापासून जात होता. आणि क्रम चुकला तर बॉयलर फुटतो, माणसं जातात, म्हणून चुकून चालणार नव्हतं. हे सांगताना त्याचा हात सलाईनच्या सुईसकट हलू लागला आणि नर्सला तो धरावा लागला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," सुगंधा म्हणाली. "कडू आहे का म्हणून. तुम्ही चांगली म्हणालात."

"तू विचारलंस?" तो म्हणाला.

मग, स्वतःशीच बोलावं तसा, तो म्हणाला की घसा कसातरी होत होता, पाणी प्यावंसं वाटत होतं, एवढं आठवतंय. कशानं, ते नाही बघितलं.

डॉक्टरांनी सुगंधाला बाहेर नेऊन सांगितलं. जीभ तिचं काम करते, पण चव कळते ती डोक्यात. डोकं अवघड कामात गुंतलं असलं तर जिभेकडून आलेलं तिथं पुरतं पोचत नाही. म्हणून वाचत जेवणाऱ्याला मीठ कमी लागतं, हिशेब करणारा चहात साखर जास्त मागतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पण एवढा कडूपणा कुणाच्या डोक्याबाहेर राहिलेला त्यांनीही कधी पाहिला नव्हता, हेही त्यांनी कबूल केलं. ते म्हणाले, की खरं सांगायचं तर मीसुद्धा हादरलोय.

रंभाबाईंना हे पटेना. डोक्यानं कधी चव कळते का, असं त्या म्हणाल्या, आणि अंगाऱ्याची पुडी लेकाच्या उशाखाली ठेवली.

दोन दिवसांनी त्याला पातळ पेज द्यायला परवानगी मिळाली. पालघरात प्रतापच्या घरी रंभाबाईंनी ती स्वतः केली, सुनेच्या हातात दिली नाही. खाटेवर बसून त्या चमच्यानं लेकाला भरवत होत्या. तेवढ्यात प्रताप भेटायला आला. बोलता बोलता गोष्ट परीक्षेवर आली, आणि रामकिसननं त्याला तो कॉकचा क्रम परत विचारला. प्रताप हसून म्हणाला, तूच सांग बघू. रामकिसननं डोळे मिटले आणि सांगू लागला. सांगताना तोंडापुढं चमचा आला की तोंड उघडायचा, गिळायचा आणि पुढं सांगायचा. या वेळी क्रम बरोबर आला. प्रतापनं पाठ थोपटली, आणि तो पाळीची वेळ झाली म्हणून गेला. रंभाबाईंनी वाटीतला पुढचा चमचा भरवला.

रामकिसननं तोंड वाकडं केलं. "आई, यात मीठ नाही."

रंभाबाईंनी वाटीत पाहिलं. अर्ध्याहून जास्त पेज संपली होती. त्यांनी बोट बुडवून चाखलं. मिठाचा कण नव्हता, घालायचंच राहिलं होतं. चमचा तसाच हातात धरून त्या वाटीकडं आणि लेकाकडं आळीपाळीनं बघू लागल्या. पलीकडं सुलूचे केस विंचरत असलेल्या सुगंधानंही ते पाहिलं. हे कडू दुधीपेक्षा वाईट होतं, कारण या वेळी ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं आणि त्यात विष, वेल, जमना, काही नव्हतं. एकच वाटी, एकच जीभ, आणि मधे फक्त एक प्रश्न.

संध्याकाळी रंभाबाईंनी उशाखालची अंगाऱ्याची पुडी काढून घेतली. सुनेला त्या म्हणाल्या, "हवालदाराला मी सांगितलं ते खरं होतं, पर ते अर्धंच होतं." माफी अशी त्यांनी मागितली नाही. सुगंधानंही मान हलवली. तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. नवरा ऐकत नव्हता हे एक वेळ कळलं. पण पोर तर ऐकण्याबोलण्यात होती, साफ सांगत होती, आणि तिच्यासमोर कुठलं अवघड गणित होतं म्हणून तिला ते ऐकू आलं नाही?

घरी आल्यावर पहिल्या मोकळ्या दिवशी ती घिवलीला गेली. पाममधल्या बायकांनी जमनेकडून मासळी घेणं बंद केलं होतं. जमनेनं वेल मुळासकट उपटून जाळला होता. ती जागा दाखवली आणि परत अंगणात येऊन बसली. दोघी सुकत घातलेल्या बोंबलांच्या कडेला बराच वेळ बसल्या. सुगंधानं झालेलं सगळं सांगितलं, वांग्याची भाजीसुद्धा. जमनेला ते खरं वाटायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, आता तो बॉयलरवर जातो तेव्हा तुला भ्या वाटत नाय? सुगंधाला ते सुचलंच नव्हतं. परत येताना सगळी वाट तेच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी जमनेची टोपली तिनं स्वतःच्या पडवीत उतरवून घेतली, आळीतल्या बायकांना दिसेल अशी.

रामकिसनची परीक्षेची तारीख दवाखान्यातच गेली होती. पुढच्या खेपेला तो बसला आणि पास झाला. पण जेवताना तो आता भिंतीकडं बघत नसे. घास घेतला की ताटात बघायचा, हळू चावायचा. कधी कधी घास तोंडात असतानाच थबकायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसायची. आत्ता जे गेलं ते काय होतं, ते आठवत असावा.

सुलूचं मात्र काही जमेना. ती शाळेत मैत्रिणींच्या डब्यातलं खायची, चिंतूकाकांच्या घरी खायची, आईच्या हातची नुसती भाकरी आणि दूध. भाजीची वाटी पुढं आली की ताट सरकवायची. आई आधी खाईल तरच, असं एके दिवशी तिनं सांगून टाकलं. घरच्या बाप्याच्या आधी सुनेनं तोंडात घास घालायचा, हे रंभाबाईंच्या घरात कधी झालेलं नव्हतं. पण त्याच म्हणाल्या, "खा ग सुगंधा. तू आधी खा."

त्या दिवशी पडवळाची भाजी होती. सगळ्यांची ताटं वाढलेली होती आणि कुणी हात लावत नव्हतं. सुगंधानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि तोंडात घातली. सासूबाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या, नवरा बघत होता, पोर तर डोळे न मिटता बघत होती. कडू आहे का? असली तर जिभेच्या कुठल्या बाजूला लागेल? नसली तर मी खात्रीनं सांगू शकेन का? मागच्या वेळीही खात्री होती. फोडणीचं कडूपण असेल तर? हळद जास्त झाली असेल तर?

घास गिळला गेला. आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला काही लागलंच नाही. मीठ नाही, तिखट नाही, पडवळही नाही. तोंडात काहीतरी मऊ होतं आणि ते गेलं.

तिनं घाईनं दुसरा घास घेतला. तसंच झालं. रामकिसन तिच्याकडं बघत होता आणि त्याला ते कळलं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्या घरात हे ओळखू शकणारा तोच एक होता.

"थांब," तो हळूच म्हणाला. "सांगू नको काही."

सुगंधानं हातातला तुकडा खाली ठेवला. मग तिनं भाजीची वाटी उचलली आणि सुलूपुढं ठेवली.

"मला कळेना ग," ती म्हणाली. "तूच बघ. कडू लागली तर थुंक. मी काही म्हणणार नाही."

सुलूनं आईकडं पाहिलं, मग आजीकडं. एक फोड चिमटीत उचलली, वास घेतला, जिभेचं टोक लावलं. थांबली. मग फोड तोंडात टाकून सावकाश चावू लागली. तिचं गिळणं होईपर्यंत घरात कुणी हाललं नाही.

"कडू नाय," ती म्हणाली. "मीठ कमी हाय."

सुगंधा मिठाची बरणी आणायला उठली.